इंगवलेच्या जागी

"तुझ्या जागी कुणीही सर्वसाधारण खेळाडू असता, तर आपण चार सामने जास्त जिंकलो असतो." लॅपटॉपवाल्या जाणकाराने इंगवलेच्या बारा वर्षांच्या बेसबॉलचा निकाल एका वाक्यात लावला.

"पण हा कुणीही म्हणजे कोण?" इंगवले हबकला.

"तो प्रत्यक्षात नसतो. हिशेबापुरता धरतात."

संघाचे अध्यक्ष खूश झाले. "चार सामने! मग त्यालाच घेऊ या."

"साहेब, तो नाहीये!" इंगवले काकुळतीला आला. "मी आहे! गुडघे फुटले माझे या मैदानावर. काढू नका."

"जळू नकोस रे त्याच्यावर."

पहिल्या सामन्यात तिसऱ्या बेसवर, इंगवलेच्या जागी, कुणीच नव्हतं. चेंडू तिथूनच सुसाट निघून गेला. बाकावरचा इंगवले ताडकन उठला.

अध्यक्षांनी त्याला हाताला धरून खाली बसवलं. "नवा आहे तो. जरा सांभाळून घे."