बारा ते तीन

"रेडिओ नको गं बंद करूस," इर्मा पुटपुटली.

"दोन मिनिटं, आई. फक्त दोन मिनिटं." मार्नीने आईच्या उशीजवळचा रेडिओ बंद केला आणि दवाखान्याच्या फोनचा रिसीव्हर कानाशी घट्ट धरला. रेडिओच्या कार्यक्रमात फोनवरून बोलायचं तर आपला रेडिओ आधी बंद करावा लागतो. आवाज घुमतो म्हणे.

सकाळी स्वयंपाकघरात कोसळलेली इर्मा संध्याकाळ बघणार नाही, असं डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं होतं. आणि तिचा नवरा व्हर्न ट्रक घेऊन पश्चिमेला कुठेतरी रस्त्यावर. मोबाईल तेव्हा कुणाकडे होते? कंपनीने वाटेतल्या प्रत्येक थांब्यावर निरोप ठेवले होते, पण हा माणूस थांबेल तर ना! तो हमखास सापडेल अशी आता एकच जागा उरली होती. रोज बारा ते तीन त्याच्या केबिनमध्ये बक टॉलिव्हर रेडिओवरून श्रोत्यांचे फोन घेत राजकारणावर गरजायचा आणि इकडे आयोवात इर्माही तोच कार्यक्रम लावून बसायची. राजकारणातलं तिला ओ की ठो कळत नसे. "तो ऐकतोय तेच मी ऐकते," एवढंच तिचं म्हणणं.

मार्नीला मात्र बकचा आवाज कानावर पडला तरी तिडीक यायची. ती कॉलेजात शिकवायची आणि तिचा रेडिओ वेगळा होता, हळू बोलणारा.

"तुमच्या रेडिओवर चार शहाणे जमतात, हेही खरं नि तेही खरं म्हणतात आणि मला स्टिअरिंगवर झोप लागते," व्हर्न म्हणायचा. "बक माझ्याशी बोलतो. माझ्याशी!"

"बोलत नाही बाबा, चिथावतो," ती म्हणायची. दोघांचं बोलणं तिथेच संपायचं.

कार्यक्रमाला पहिल्यांदा फोन लावला तेव्हा तिने खरं काय ते सांगितलं होतं. फोन घेणारा म्हणाला, "वाईट वाटलं, बाई. पण इथे असे निरोप देत नाहीत. तुम्ही पोलिसांना सांगा." म्हणून दुसऱ्यांदा ती धडधडीत खोटं बोलली. "बारा वर्षं मी तुमच्या विरुद्ध पार्टीची. बकने माझे डोळे उघडले." तिला लगेच रांगेत सगळ्यांच्या पुढे घेतलं.

"आयोवाची मार्नी!" बक कानात गरजला. "डोळे उघडले म्हणे! बोल, बाई, बोल!"

एक वाक्य. आई चालली, बाबा, दवाखान्यात फोन करा. हातातल्या चिठ्ठीवर लिहून ठेवलं होतं तिने. पण जन्माची खोड अशी जाते होय?

"आधी तुमचे आभार," ती म्हणाली. "म्हणजे, तुमची सगळीच मतं मला पटतात असं नाही, पण तुमच्या श्रोत्यांची भावना मी समजू शकते, आणि दुसऱ्या बाजूने पाहिलं तर..."

बक खो खो हसला. "ऐकलंत, मंडळी? ही म्हणे सुधारलेली! अजून घसाच खाकरतेय!"

"बाबा!" मार्नी किंचाळली. "बाबा, आई..."

फोन कट झाला होता. तिने कपाळावर हात मारून घेतला. मूर्ख, मूर्ख! एवढं एक वाक्य धड बोलता येऊ नये? पुन्हा नंबर फिरवला, तर लाईन एंगेज. इर्माचा हात उशीजवळ चाचपडत होता, तेव्हा तिने रेडिओ लावून दिला आणि परत नंबर फिरवत बसली.

कुणीतरी करांबद्दल बोललं, कुणीतरी बंदुकांबद्दल. अडीच वाजून गेले.

"आता व्हर्न, ट्रकवाला," बक म्हणाला. "त्या मघाच्या बाईची हजेरी घ्यायचीय म्हणतो. घे, गड्या!"

"ते तुमच्या माणसाने मला आत घ्यावं म्हणून सांगितलं," व्हर्नचा आवाज आला. "ती माझी पोरगी आहे, बक. राजकारण राहू दे बाजूला. ती 'बाबा' म्हणून ओरडली. घरी फोन लावतोय तर कुणी उचलत नाही. मार्नी, काय झालं गं? इर्मा बरी आहे ना? मी शायएनला आहे, इथल्या पंपावर..."

"थांब, व्हर्न, जाहिराती घेऊन आलोच," बक म्हणाला आणि गाद्यांची जाहिरात सुरू झाली.

शायएन! म्हणजे दहा तासांचा रस्ता. मार्नीची बोटं नंबर फिरवतच होती. एंगेज. पुन्हा एंगेज.

इर्माने डोळे उघडले होते. ती कपाळावरचे केस मागे सारत होती, व्हर्नचा ट्रक अंगणात शिरला की सारायची तसे.

"आला बघ," ती म्हणाली. "दार उघड गं."