सीरमची अंघोळ

"तो विनोद होता हो," मेधा म्हणाली.

"असंल की," भिमाबाई म्हणाली. "पर हसायला अख्खं माण गाव हाय. तुमी येवडं सांगा मॅडम, पोरीच्या रक्तात खोट न्हाई. सोयरिकीला आल्यालं कासारसाईचं पाव्हणं अडून बसल्यात."

शीतलची आई भिमाबाई सकाळपासून कंपनीच्या गेटवर वॉचमनच्या खुर्चीत बसली होती. वॉचमन उभा होता. जिथे आता कंपनीचं पार्किंग होतं तिथे पूर्वी तिचा भात व्हायचा, त्यामुळे तिला ऊठ म्हणण्याची त्याची छाती नव्हती.

"अशी सर्टिफिकेटं लॅब देत नाही," असं म्हणून मेधा आत गेली. आत पाहुणे आले होते.

पाहुणे मुंबईचे होते आणि कंपनीत पैसे घालणार की नाही, हे आज ठरणार होतं. ते पाहायला आले होते मेधाच्या पिशव्या. डोळ्यांना न दिसणाऱ्या, चरबीच्या, वरून पॉलिमरचं अस्तर लावलेल्या. आत औषध भरायचं, पिशवी शिरेतून सोडायची, तिने दुखऱ्या जागी पोचेपर्यंत फुटायचं नाही. मिठाच्या पाण्यात अशा पिशव्या सगळ्यांच्याच टिकतात. फ्रिजमध्ये भेंडीही टिकते. खरी परीक्षा रक्तात. रक्तातले पहारेकरी परक्या वस्तूला भोकं पाडतात. मेधाच्या पिशव्या रक्तातही टिकल्या होत्या, आणि त्याबद्दल तिला बंगळूरला शाल मिळाली होती.

एकदाच त्या फुटल्या. मेधा रजेवर असताना तिच्या हाताखालच्या शीतलने, चाचणीसाठी बाटलीत विकत येणारं सीरम, म्हणजे रक्तावरचं पाणी, संपलं म्हणून, स्वतःचं रक्त काढून वापरलं. मेधा परत आल्यावर शीतलने ते तिला सांगितलं, आणि सांगितलं कँटीनमध्ये, सगळ्यांसमोर.

"माझ्या पिशव्या फुटत नाहीत," मेधा म्हणाली होती. "तुझ्याच रक्तात काहीतरी खोट असेल."

टेबल हसलं. शेजारच्या टेबलावर कंपनीच्या व्हॅनचा ड्रायव्हर निलेश मिसळ खात होता, तोही हसला. निलेश माणचाच. संध्याकाळी व्हॅन गावात पोचली, तिच्याबरोबर विनोदही पोचला. वाटेत त्यातला विनोद तेवढा सांडला. शीतल एम.एस्सी. होती. तरी तिने गुपचूप रक्त तपासून घेतलं. रिपोर्ट चांगला आला, पण रिपोर्ट घेऊन दारोदार कोण फिरणार?

"आज माझं रक्त वापरा," कंपनीचे मालक बंडोपंत शर्टाची बाही वर सारत पाहुण्यांना म्हणाले. "आमचा आमच्या मालावर विश्वास आहे."

पाहुण्यांचा चहा होईपर्यंत रक्त गोठलं. त्यावरचं पिवळं पाणी, म्हणजे सीरम, शीतलने वेगळं काढलं आणि सवयीने गरम पाण्याच्या टाकीकडे निघाली. नवं सीरम आधी अर्धा तास गरम पाण्यात ठेवायचं, ही लॅबची रीत होती. मेधाच्या गुरूंच्या लॅबमध्ये पेशी वाढवायच्या म्हणून ती पाळत. इथे कोणी पेशी वाढवत नव्हतं, पण रीत चालू होती. सीरमची अंघोळ, म्हणायचे सगळे.

"आज अंघोळ राहू दे," बंडोपंत म्हणाले. "मुळशीला जेवायला पोचायचंय. मासे थांबत नाहीत."

शीतल थबकली. "मॅडम, त्या दिवशीपण टाकी बिघडली होती," ती हळूच म्हणाली. "अंघोळ झालीच नव्हती."

हे मेधाने तेव्हा विचारलंच नव्हतं.

पिशव्या सीरममध्ये पडल्या. खोलीतले दिवे मालवले, निळा दिवा लावला. पिशवीत हिरवा रंग दाटीवाटीने भरलेला होता. दाटीत तो चमकत नाही, बाहेर सांडला की पेटतो. म्हणजे अंधार राहिला तर यश.

अंधार राहिला नाही. नळी हळूहळू काजव्यासारखी उजळली, मग लख्ख हिरवी झाली.

उजेडालाच यश समजून पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. इतकं सुंदर अपयश त्यांनी पूर्वी पाहिलं नव्हतं. शीतलने मात्र बंडोपंतांकडे कणवेने पाहिलं. साहेबांच्याही रक्तात खोट निघाली, असं तिला वाटलं असावं.

गरम पाण्यात रक्तातले पहारेकरी मरतात, हे मेधाने पुस्तकात वाचलं होतं. परीक्षेत लिहून त्याचे मार्कही घेतले होते. आणि इतकी वर्षं ती पहारेकरी मारून झाल्यावर पिशव्यांना आत सोडत होती, आणि चोर सुखरूप पोचला म्हणून शाल घेत होती.

"काय म्हणतंय आमचं रक्त?" बंडोपंतांनी नळी उंच धरून विचारलं.

मेधाने तोंड उघडलं. "उत्तम आहे, सर," ती म्हणाली. ते खोटंही नव्हतं. पुन्हा टाळ्या झाल्या. शीतल नळ्या धुवायला घेऊन गेली.

मेधा जवळजवळ पळतच गेटवर आली. भिमाबाई खुर्चीतच होती. मेधा तिच्या कानाशी वाकली.

"शीतलचं रक्त चांगलं आहे. अगदी निरोगी आहे. फुटलं ते माझं काम. मी चुकले."

भिमाबाईने तिच्याकडे पाहिलं. मग पार्किंगकडे. तिथे निलेशने व्हॅनचं दार उघडून धरलं होतं आणि बंडोपंत पाहुण्यांना आत बसवत होते.

"असं कानात नगा सांगू, मॅडम," ती म्हणाली. "त्या व्हॅनीपाशी जावा, आन् मागल्या येळंसारकं समद्यांम्होरं, हसत हसत सांगा."