आठ खाणाऱ्यांची परसबाग

सांगून कुणाचा विश्वास बसायचा नाही, पण गेल्या साली आपल्या भोपळ्याचा वेल एका दुपारीत शेजारच्या फेलिसियानोच्या झुल्यापर्यंत गेला, आणि तो जागा होईतो त्याच्या पोटावर भोपळा धरला होता, असं म्हाताऱ्या नासारिओ बालामने वहीवाल्या पोरीला ऐकवलं. फिदेलिया कानुलने मान वर न करता भोपळा लिहून घेतला.

ती शेजारच्या गावची. तीन तऱ्हांच्या परसबागा ताडून बघायचं काम तिला मिळालं होतं. एक सरकारी योजनेतून आलेली, ओळीत मुळे नि कोबी लावलेली. दुसरी नुसत्या फळझाडांची. तिसरी अशी, बापजाद्यांच्या वेळची, सगळं एकमेकांच्या अंगावर वाढलेलं. यातली कुठली घराला वर्षभर खाऊ घालते ते बघायचं. निवडलेल्या घरी ती दर महिन्याला येणार, काय तोडलं ते तोलणार, काय शिजलं ते विचारणार. अट एकच, घरात निदान पाच माणसं जेवणारी हवीत.

"दर महिन्याला म्हणजे वर्षात बारा खेपा," नासारिओ म्हणाला. "जेवायला थांबतेस ना पोरी?"

"वाढलंत तर थांबेन."

मग त्याने स्वतःला धरून आठ माणसं सांगितली.

थोरला नि धाकटा मक्याच्या शेतावर गेलेत. सून गिरणीवर दळण घेऊन गेलीय, आणि तिथली रांग अशी की परवा गेलेली बाई उद्या परतते. चार नातवंडं शाळेत. प्रत्येकाची आवड त्याला तोंडपाठ होती. थोरल्याला पपई लागते, सुनेला चाया नावाच्या झुडपाच्या पाल्याची भाजी, मधल्या नातीला आंबट संत्र्याचा रस पिळलेले घेवडे. नातवंडांची वयं मात्र त्याने सांगितली ती सगळे कानकून शहरात राहायला गेले त्या दिवसाची.

फिदेलियाने आठ लिहिले आणि बाग फिरून बघायला उठली. नासारिओ मागोमाग निघाला. कोंबड्यांनी उकरू नये म्हणून मेढींवर उचललेला कोथिंबिरीचा वाफा त्याने दाखवला, रताळी दाखवली, रामफळ दाखवलं. हाबानेरो मिरची तर अशी जहाल, की झाडाखाली बसलेली कोंबडी उकडलेलीच अंडी घालते. फिदेलिया हसली. तिचं हसू ऐकून त्याने आणखी दोन थापा मारल्या. खाण्याजोगे त्रेचाळीस प्रकार झाले. योजनेच्या बागेत तिला नऊ मिळाले होते.

"तुमच्यासारखी बाग दुसरी नाही," ती म्हणाली. नासारिओने टोपी काढून पुन्हा घातली.

कुंपणाशी पेरू होता. नासारिओ सांगत होता, पोरांचा यात जीव, रात्री उशाशी घेऊन झोपतात. फांद्या फिदेलियाच्या कमरेपर्यंत वाकल्या होत्या. फळं पिवळीजर्द, कितीतरी देठावरच फुटलेली, त्यांत मुंग्या. तिने हात पुढे केला. पेरू नुसतं बोट लागताच तळव्यात आला.

तो तसाच धरून ती हळू म्हणाली, "आजोबा, चार पोरं असलेल्या घरात इतक्या खालच्या फांदीवर पेरू पिकतो का हो कधी?"