दुसरी बाही

दुकानात शिरल्या शिरल्या दामिनीला तो रंग दिसला. पण फळीवर नाही, बाकावर बसलेल्या एका म्हाताऱ्या बाईच्या मांडीवर. जांभळ्या लोकरीचे चार गुंडे. बाई ते पिशवीत टाकायच्या बेतात होती.

"हाच, धर्मेंद्रभाऊ. हाच रंग हवाय मला." कडेवरची पोर सावरत दामिनीनं पर्समधून स्वेटरची विणलेली बाही काढली.

धर्मेंद्रनं बाही दाराच्या उजेडात धरून पाहिली. "ताई, त्या लॉटचे तेवढेच उरले होते. मैनाबाईनं आत्ताच घेतले. अमरावतीहून नवा माल येईन, पण रंगात उन्नीस-बीस होतेच. एक बाही अशी अन् एक तशी दिसंन."

"पण मी कमी नेली नव्हती. आई नेते तेवढीच नेली, वजन करून."

"आईची लोकर बारीक असंन. ही जाड. वजन तेवढंच भरते, पण धागा आखूड येते."

दामिनीनं मनात मोजलं. पाठ झाली, पोट झालं, एक बाही झाली. पोर झोपली की विणायचं, ती उठली की सुया उंच फळीवर ठेवायच्या. आता पुन्हा विणायचं म्हटलं तर दुसऱ्या रंगात सगळंच पहिल्यापासून.

"मावशी," ती बाकाकडे वळली, "यातली थोडी मला द्याल? एका बाहीपुरती."

मैनाबाईनं गुंड्यांवर हात ठेवला. "नातवाच्या बारशाचं हाय, माय. पोरगी अचलपूरले बाळंत झाली. भल्ली थंडी पडून राहिली." मग तिनं धर्मेंद्रच्या हातातली बाही ओढून घेतली, उलटी केली, टाके पाहिले. "हात साफ हाय तुया. कोनाचं वं हे? मालकाचं?"

हो म्हटलं असतं तर चाललं असतं. दामिनीच्या ओठांवर आलंही होतं.

"नाही," ती म्हणाली. "माझं."

"तुयं सोताचं?"

"हो."

मैनाबाईनं तिला खालपासून वर पाहिलं. दामिनीच्या अंगात नवऱ्याचं जुनं जॅकेट होतं. बाह्या मनगटावर दुमडलेल्या.

बाहेर परतवाडा-चिखलदरा जीपवाल्यानं हॉर्न दिला. मैनाबाई जागची हलली नाही. "तराजू काढ रे," ती धर्मेंद्रला म्हणाली.

"कायले?"

"काढ म्हनलं ना."

धर्मेंद्रनं काउंटरवर तराजू ठेवला. दामिनीच्या लक्षात आलं. तिनं आपणच बाही एका पारड्यात घातली. "दुसरीला हिच्याएवढीच लागेल," ती म्हणाली. "जास्त नको मला."

मैनाबाईनं दुसऱ्या पारड्यात एक गुंडा ठेवला. बाही तशीच बसून राहिली. दुसरा ठेवला. बाहीचं पारडं किंचित उचललं. दामिनीच्या पोरीनं ते धरायला हात घातला.

"हट वं, तुयं वजन नाही करत," मैनाबाई म्हणाली. पोर खदखदून हसली.

तिसऱ्या गुंड्याला काटा मध्यात आला.

"बरोबर," धर्मेंद्र म्हणाला. "मावशी, तुमच्या एका गुंड्यात टोपरं होऊन जाईन."

मैनाबाई हातातल्या चौथ्या गुंड्याकडे पाहत राहिली. "अन् जोडाले? बाही काय थुकीनं चिकटवन ती?"

"जोडायला मी दुसरा धागा घेईन, मावशी. बाहेरून दिसत नाही."

"तुले तं दिसंन ना."

तिनं चौथाही ठेवून दिला. पारडं खट्कन काउंटरला टेकलं.

"मावशी, नातवाचं..."

"त्याले काय कळते? दहा दिवसाचं पोट्टं. त्याले जांभळं काय अन् पिवळं काय. ए धर्मेंद्र, ते पिवळं दे. हे नाही, त्याच्या मांगचं. अन् बारीक दे बरं, लेकराले जाड टोचते."

धर्मेंद्र पिवळी लोकर काढेपर्यंत तिनं चारही गुंडे दामिनीच्या पर्समध्ये कोंबले होते. एक मावत नव्हता, तो पोरीच्या हातात दिला. दामिनीनं पिवळ्या लोकरीचे पैसे काउंटरवर ठेवले.

पुन्हा हॉर्न वाजला. "आली रे बाप्पा, आली!" मैनाबाई पिवळी लोकर पिशवीत टाकून, पिशवी बगलेत मारून पायरी उतरली. दोन पावलं गेली आणि थांबली.

"अन् आयक," ती तिथूनच म्हणाली. "झाल्यावर घरात कोनी म्हनलं ना, भल्ली छान झाली, मले दे, तं देजो नोको."