उरलेली हवा

अहमदपूरहून मालवणला आलेल्या तनुजाला समुद्राचा तळ बघायचा होता. "हवा बी इकत घ्यायची व्हय?" असं कुरकुरत नवऱ्यानं, सुदर्शननं, सिलेंडरभर हवेचे पैसे मोजले.

ती खाली रंगीत मासे बघत होती, तोच त्यानं तिला होडीवर बोलावून घेतलं. "बास झालं आता, लेकरू रडायलंय." मग तो डायव्हिंगवाल्याकडे वळला. "अर्धी हवा उरली की! तेवढे पैसे वापस द्या."

"उरलेल्या हवेचे पैसे परत मिळत नाहीत, दादा."

तनुजानं ओल्या हातानं लेकीचे डोळे पुसले, गालाचा पापा घेतला.

"मग मी हवा उरवणारच न्हाई. हिला खांद्यावर घ्या, गप बसती," म्हणत तिनं पुन्हा पाण्यात उडी घेतली.