बोक्याचा वास

"काय लावलंत याला?" जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

टेबलावर बोका थरथरत पडला होता. तोंडातून लाळ गळत होती. सासरे कोपऱ्यातल्या खुर्चीत रिकामी टोपली मांडीवर घेऊन बसले होते.

"तसं काही नाही," सून म्हणाली. "नैसर्गिकच आहे."

"विषही नैसर्गिक असतं, ताई. नाव सांगा."

"निलगिरीचं तेल. सकाळी पाठीवर चोळलं. नुसतंच."

बाईंनी कोमट पाण्यात साबण कालवला आणि बोक्याची पाठ धुवायला घेतली. "मांजराला हे पचत नाही. कातडीतून मुरतं, वर ते अंग चाटतं. दिव्यात घालून खोलीत दरवळत ठेवलं तरी त्रास होतो. पण लावलंत कशाला?"

"वास येतो घरात. बोक्याचा."

वाक्य आपसूक निघालं. घरात सगळेच ते म्हणत. सासऱ्यांच्या खोलीचं दार उघडलं, की नवरा म्हणायचा, लेक नाक दाबून म्हणायची. पहाटे गुपचूप चादर बदलणारी सून तर सगळ्यांत मोठ्यानं म्हणायची. म्हाताऱ्या माणसाची लाज राहावी, एवढंच. झाकली मूठ सव्वा लाखाची. आज नणंदेच्या सासरची माणसं जेवायला येणार होती, म्हणून तिनं सासऱ्यांच्या देखतच बोक्याला धरून तेल चोळलं होतं. त्या मुक्या जिवाला विचारतो कोण? आता तिला स्वतःच्या हातांची शरम वाटत होती.

बाईंनी बोका हुंगला. "तसा स्वच्छ आहे हो हा. घरात कुठे ओलं करतो का? अंथरूणबिंथरूण? तसं असेल तर सुई घालून लघवी काढून तपासावी लागेल. या अवस्थेत त्याला ते झेपेल का, हाच प्रश्न आहे."

हो म्हणावं तर बोक्याच्या जिवाशी खेळ. नाही म्हणावं तर सासऱ्यांची अब्रू.

"सुई नका घालू," सासरे म्हणाले. "अंथरूण मी ओलं करतो."

बाईंचा हात थांबला. सुनेचे डोळे भरून आले. "बाबा, राहू द्या ना."

"तुझा काय दोष? तू माझं झाकत होतीस." त्यांनी टोपली घट्ट धरली. "सकाळी तू तेल चोळत होतीस, तेव्हा तो माझ्याकडे बघत होता. मी पेपर तोंडासमोर धरला."