सुखी गट

प्राध्यापकांची नवी प्रश्नावली मनावरचा ताण मोजणार होती. ती खरंच मोजते का, हे तपासायला त्यांनी दोन गट केले होते. एक उपचार घेणाऱ्या मनोरुग्णांचा, दुसरा सुखी माणसांचा. सुखी माणसं शोधायला ते लांब गेले नाहीत. सहकाऱ्यांच्या बायका घेतल्या आणि पहिलं नाव स्वतःच्या बायकोचं. घरचंच माणूस, सुखी नसायला काय झालं?

आज त्याच प्रश्नांची दुसरी फेरी होती. बायकोने पर्स मांडीवर ठेवून निमूटपणे खुणा केल्या आणि कागद पुढे सरकवला. प्राध्यापकांच्या हाताखाली पीएच.डी. करणाऱ्या मुलीने बेरीज केली. मग पुन्हा केली.

"सर, काकूंचा ताण सगळ्यांत जास्त येतोय. पेशंटपेक्षाही."

"मागच्या वेळी?"

"तेवढाच होता."

"दोन्ही वेळा सारखाच, म्हणजे प्रश्नावली विश्वासार्ह आहे," सर खूश झाले. मग कपाळाला आठ्या पडल्या. "पण सुखी गटात एवढा ताण कसा? प्रश्नच चुकलेत."

बायको समोर बसली होती. तिलाच विचारावं, एवढी अक्कल या विद्वानाला नव्हती. नाचता येईना, अंगण वाकडं. त्यांनी लाल पेन काढलं.

"'रात्री झोप लागत नाही.' काढून टाक हा. हिला छान झोप लागते, मी बघतो ना."

"तुम्ही घोरत असता," बायको म्हणाली.

"'विनाकारण रडू येतं.' हाही काढ."

"विनाकारण नाही हो येत."

"तेच म्हणतोय मी. प्रश्न चुकीचा आहे."

"'आपलं कोणी ऐकून घेत नाही.' इथे काकूंनी 'नेहमी'वर खूण केलीय, सर."

"सगळ्याच बायका करतात. काढ."

मुलीला त्यांची शिसारी आली. पण प्रबंधावर सही त्यांचीच लागणार होती. तिने मुकाट्याने तिन्ही प्रश्न खोडले, आणखीही चार खोडले आणि नव्याने बेरीज केली. काकूंचा आकडा झपकन खाली आला.

"आता कसं," सर म्हणाले. "सुखी ते सुखी, आजारी ते आजारी."

बायको उठली. दारापाशी थांबून तिने मुलीला विचारलं, "मग मी आता बरी आहे ना गं?"

मुलगी खोडलेले कागद गोळा करू लागली. सरांनी कागदावरची नजर काढली नाही.

"अगदी ठणठणीत," ते म्हणाले. "जाताना दार लावून घे."